‘सु. १८८५’ या दोन अक्षरांची किंमत: क्री लोकांच्या जुन्या छायाचित्रांचा काळ ठरवून देणाऱ्या एका सेवेचे परीक्षण

मराठी कोशांत एखाद्या सनाचा पक्का आधार नसला, की त्याच्या आधी ‘सु.’ लिहिण्याची रीत आहे. ‘सुमारे’ या शब्दाचे ते लघुरूप आहे आणि प्रामाणिक कोशकार ते जपून वापरतो. जुन्या छायाचित्रांच्या बाजारात मात्र त्याच्या इंग्रजी भावंडाचा वापर मिठासारखा होतो. जिथे चव कमी पडते तिथे ते टाकले जाते. कॅनडातील एका सशुल्क सेवेकडून मी माझ्या तीन छायाचित्रांचा काळ ठरवून घेतला, त्याचा अनुभव येथे मांडत आहे. सेवेचे नाव मी देत नाही, कारण माझी तक्रार कामाच्या पद्धतीविषयी आहे आणि ती पद्धत त्या एका सेवेपुरती मर्यादित नाही.

संग्राहक म्हणवून घेण्याइतका माझा संग्रह मोठा नाही. सास्काटूनमध्ये राहायला आल्यापासून जुन्या वस्तूंच्या विक्रीत आणि छोट्या लिलावांत जे हाती लागले, ते मी जपून ठेवत गेले. त्यांतील तीन छायाचित्रांवर ‘क्री’ असा उल्लेख होता. क्री, म्हणजे स्वतःच्या भाषेत नेहियावक, हे कॅनडातील सर्वांत मोठ्या आदिम समूहांपैकी एक असून हडसन उपसागराच्या काठापासून पश्चिमेच्या गवताळ मैदानांपर्यंत त्यांच्या वस्त्या आहेत. ही छायाचित्रे कुणाची, कुठली आणि कधीची, एवढेच मला हवे होते. सेवेने तीन छायाचित्रांचे मिळून २६० कॅनेडियन डॉलर घेतले, नोंदणीकृत टपालाचा खर्च वेगळा लावला, आणि सात आठवड्यांनी चौदा पानांचा अहवाल पाठवला. मूळ छायाचित्रे आम्लरहित कागदात, दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये इतकी नीट बांधून परत आली, की त्या एका बाबतीत त्यांना पैकीच्या पैकी गुण द्यायला हवेत.

अहवालाची पहिली पाच पाने सर्वांना सारखीच पाठवली जात असावीत. त्यांत छायाचित्रणाचा इतिहास आहे: १८३९ चा डॅगेरोटाइप, १८५४ साली पेटंट घेतलेले छोटे भेटकार्ड, १८६६ पासून रूढ झालेले कॅबिनेट कार्ड, १८८८ चा कोडॅक कॅमेरा, १९०० चा ब्राउनी. माहिती चुकीची नाही. पण त्यातच अमेरिकेत १८६४ ते १८६६ या काळात छायाचित्रांच्या मागे करापोटी लावाव्या लागणाऱ्या तिकिटांवर दीड पान खर्ची घातले आहे. तो कर कॅनडात नव्हता, आणि माझी एकही वस्तू त्या काळातली नव्हती. ग्राहकाने पैसे मोजले ते स्वतःच्या तीन छायाचित्रांसाठी, त्यामुळे ही भरताड वाचताना कपाळावर आठी पडतेच.

आधी त्यांचे जे काम खरोखर उत्तम झाले ते सांगते, कारण त्यात फजिती माझी आहे. तिसरे छायाचित्र मी लिलावात बऱ्यापैकी रक्कम मोजून घेतले होते. १८८५ साली रजायना येथे ओ. बी. ब्यूएल या छायाचित्रकाराने घेतलेल्या प्रसिद्ध समूहचित्राची ती प्रत होती. पुढे बसलेले पाउंडमेकर आणि बिग बेअर हे दोन क्री प्रमुख, बिग बेअरचा लहान मुलगा हॉर्स चाइल्ड, आणि त्यांच्या मागेपुढे पोलीस अधिकारी, धर्मगुरू व वकील असे ते चित्र आहे. प्रत जुनी आहे, कदाचित त्याच काळातली आहे, अशी माझी समजूत होती. सेवेने प्रत अंधारात अतिनील दिव्याखाली धरली आणि त्या अवस्थेतील कागदाचा फोटो अहवालात छापला. कागद निळसर पांढरा उजळला होता, धुतलेल्या नव्या सदऱ्यासारखा. छायाचित्राच्या कागदात अशी चकाकी आणणारी रसायने साधारण १९५० नंतर वापरली जाऊ लागली, म्हणजे माझी ‘जुनी’ प्रत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली निघाली. स्वतःहून तपासायला दिले आणि हात दाखवून अवलक्षण झाले. तरी यालाच काम म्हणतात. त्यांनी कारण दाखवले, पुरावा छापला आणि त्यातून निष्कर्ष काढला.

शिवाय मूळ चित्राच्या काळाबाबत ते ‘१८८५’वर थांबले नाहीत. त्या वर्षी सरकारविरुद्ध झालेल्या उठावानंतर पाउंडमेकरने २६ मे रोजी बॅटलफर्ड येथे शरणागती पत्करली, बिग बेअर २ जुलैला स्वाधीन झाला, दोघांवर रजायनात खटले चालले आणि नंतर दोघांची रवानगी मॅनिटोबातील स्टोनी माउंटन तुरुंगात झाली. म्हणून दोघे एकत्र दिसणारे हे चित्र जुलैच्या सुरुवातीनंतरचे आणि त्यांना रजायनाहून हलवण्यापूर्वीचे, म्हणजे त्या उन्हाळ्यातल्या मोजक्या आठवड्यांतले आहे. छायाचित्राचा काळ ठरवावा तो असा. दोन्ही बाजूंनी खुंट्या ठोकायच्या आणि मधली दोरी शक्य तितकी आवळायची.

हेच हात पहिल्या छायाचित्रावर चालले असते तर हे परीक्षण तीन ओळींचे झाले असते.

पहिले छायाचित्र म्हणजे एक कॅबिनेट कार्ड. जाड, गडद राखाडी पुठ्ठ्यावर चिकटवलेले एका मध्यमवयीन पुरुषाचे चित्र. खांद्यावर पट्ट्यांचे ब्लँकेट, दोन वेण्या, गळ्याशी गडद रुमाल आणि छातीवर लोंबणारी एक चकचकीत गोल वस्तू. मागे रंगवलेला पडदा, त्यावर कठडा आणि झाडी. पुठ्ठ्याची खालची पट्टी कुणीतरी, बहुधा चौकटीत बसवण्यासाठी, कात्रीने कापलेली आहे. त्यामुळे छायाचित्रकाराचे नाव गेले आणि उरले ते फक्त ‘मेडिसिन हॅट, अ‍ॅसा.’ एवढेच. मेडिसिन हॅट हे गावाचे नाव. मागे पेन्सिलीने ‘क्री’ असे लिहिले आहे. अहवालाचा निष्कर्ष असा: ‘क्री प्रमुख, १८८५ च्या बंडात सहभागी असण्याची शक्यता, सु. १८८५.’

आता गंमत पाहा. याच अहवालात दोन पाने आधी कागदाचे वर्णन आहे, आणि ते अचूक आहे. चित्राचा पृष्ठभाग मंद, बिनचकाकीचा आहे. छटा तपकिरीकडे न झुकता राखाडी-काळी आहे. हा मॅट कोलोडियन कागद असून त्याला सोने व प्लॅटिनम यांची छटा दिली आहे, आणि असा कागद १८९० च्या दशकाच्या मध्यापासून चलनात आला, असे त्यांनीच लिहिले आहे. १८८५ साली सर्रास वापरला जाणारा अल्ब्युमिन कागद वेगळा दिसतो. त्यावर भिंग धरले की प्रतिमेच्या आतून कागदाचे तंतू दिसतात आणि उजळ भाग वयानुसार पिवळे पडलेले असतात. माझ्या कार्डावर यांपैकी काहीही नाही. म्हणजे एका पानावर कागद १८९५ च्या आसपासचा आणि दुसऱ्या पानावर त्याच कागदावरचे चित्र १८८५ चे! हे दोन परिच्छेद लिहिणारे हात वेगळे असावेत आणि त्यांची गाठ कधी पडली नसावी, असाच माझा तर्क आहे.

अर्थात कागद नंतरचा आणि चित्र आधीचे असे होऊ शकते. काचेची निगेटिव्ह टिकते आणि तिच्यावरून वीस वर्षांनीही प्रत काढता येते. एडमंटनच्या अर्नेस्ट ब्राउनचे उदाहरण या क्षेत्रात सर्वांना ठाऊक असते. त्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सी. डब्ल्यू. मॅथर्स याचा स्टुडिओ निगेटिव्हांसह विकत घेतला. मॅथर्सकडे कॅलगरीच्या बोर्न आणि मे यांचे काम आलेले होते. पुढे ब्राउनच्या नावाने ज्या प्रती बाहेर पडल्या, त्यांतील कित्येक चित्रे त्याने कधी टिपलीच नव्हती. त्याचा संग्रह १९४७ साली अल्बर्टा सरकारने घेतला आणि आज तो अल्बर्टाच्या प्रांतिक अभिलेखागारात आहे. तेव्हा कार्डावरचे नाव आणि कार्डावरचे चित्र यांच्यात दहा-पंधरा वर्षांची दरी असणे अशक्य नाही. म्हणूनच चांगल्या अहवालात दोन काळ वेगवेगळे द्यावे लागतात: चित्र टिपल्याचा आणि प्रत काढल्याचा. सेवेने तसा दावा केला असता, म्हणजे निगेटिव्ह १८८५ ची आणि प्रत नंतरची असे म्हटले असते, तर निदान वाद घालता आला असता. पण त्यांनी हा प्रश्नच उपस्थित केला नाही.

‘अ‍ॅसा.’ या तुटक शब्दाला त्यांनी भागीदाराच्या नावाचा उरलेला तुकडा मानले आहे. हे वाचून मात्र मी अहवाल खाली ठेवला. कॅनडाच्या पश्चिमेकडील जुन्या छायाचित्रांवर काम करणाऱ्याला हे लघुरूप माहीत नसणे म्हणजे सातबारा न ओळखणाऱ्याने जमिनीचे दावे लढवण्यासारखे आहे. १८८२ साली वायव्य प्रदेशांचे असिनिबोया, सास्कॅचवान, अल्बर्टा आणि अथाबास्का असे चार जिल्हे पाडण्यात आले. मेडिसिन हॅट असिनिबोयात येत होते आणि पत्त्यात त्याचे लघुरूप ‘अ‍ॅसा.’ असे लिहीत. १ सप्टेंबर १९०५ रोजी अल्बर्टा व सास्कॅचवान हे प्रांत निर्माण झाले, असिनिबोया हे नाव नकाशावरून गेले आणि मेडिसिन हॅट अल्बर्टात आले. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वे तेथे १८८३ साली पोहोचली आणि गाव वसले ते रेल्वेमुळेच. म्हणजे त्या एका लघुरूपातून १८८३ ते १९०५ हा पट्टा मिळतो आणि त्यांनीच ओळखलेला कागद त्याचा पूर्वार्ध कापून टाकतो. छापून पडलेले पुठ्ठे संपेपर्यंत वापरणारे काटकसरी दुकानदार असणारच, म्हणून १९०५ नंतरचे एखादे वर्ष मी जमेस धरते. एवढ्या हिशेबाला दहा मिनिटे पुरतात.

मग १८८५ आले कुठून? ते आले बाजारातून. त्या वर्षी मेतींनी, म्हणजे आदिवासी व युरोपीय अशा मिश्र वंशाच्या समाजाने, लुई रिएलच्या नेतृत्वाखाली शस्त्र उचलले, काही क्री तुकड्याही लढल्या, २६ मार्चला डक लेक, २ एप्रिलला फ्रॉग लेक, २ मेला कट नाइफ आणि ९ ते १२ मे बातोश अशी ठिकाणे इतिहासात नोंदली गेली, आणि २७ नोव्हेंबरला बॅटलफर्ड येथे आठ आदिवासी पुरुषांना एकाच वेळी फाशी देण्यात आले. तोपखान्याचा कॅप्टन जेम्स पीटर्स याने त्या मोहिमेत गोळीबार चालू असताना कॅमेरा चालवला. त्यामुळे त्या सालाला एक वलय आहे, आणि ज्या चित्रावर ते साल चिकटते त्याची बोली चढते. सेवेने तुलनेसाठी दिलेली चारही उदाहरणे विक्रेत्यांच्या जाहिरातींतली होती, अभिलेखागारातले एकही नव्हते. विक्रेत्याने लिहिलेल्या ‘सु.’च्या आधारावर आपला ‘सु.’ रचायचा आणि पुढच्या विक्रेत्याने आपल्यावर विसंबून राहायचे, असा हा अंदाजपंचे दाहोदरसे कारभार आहे. जाता जाता सांगते की ‘बंड’ हा शब्दही आता तेथील अभ्यासक जपून वापरतात आणि ‘प्रतिकार’ हा शब्द अधिक पसंत करतात. अहवालाला त्याची वार्ता नाही.

‘प्रमुख’ ही पदवी त्या गोल वस्तूवरून आली. अहवालाच्या मते ते करारपदक आहे. सरकार आणि आदिवासी यांच्यात झालेल्या क्रमांकित करारांपैकी १८७४ चा चौथा करार आणि १८७६ चा सहावा करार यांच्या वेळी क्री प्रमुखांना मोठी पदके देण्यात आली होती, हे खरे आहे. त्यांचा व्यास सुमारे ७६ मिलिमीटर होता. एका बाजूला राणी व्हिक्टोरियाचे मुख आणि दुसऱ्या बाजूला हस्तांदोलन करणारे प्रमुख व आयुक्त, मागे तंबू, खाली पुरलेली कुऱ्हाड असे दृश्य होते. पदक दिसले की चित्र त्या करारानंतरचे हे निश्चित होते, म्हणून अभ्यासक पदकावर आधी नजर टाकतात. पण नजर टाकायची म्हणजे पाहायचे. मी दहापटीचे भिंग घेऊन त्या वर्तुळावर डोळा लावला तेव्हा तिथे ना मुख होते ना कडेची अक्षरे. एक उजळ चौकोन होता, त्याला मधोमध उभी-आडवी रेघ होती, आणि कडेला एक काळपट उभा आकार होता. तो चौकोन म्हणजे स्टुडिओची खिडकी होती. ती गोल वस्तू म्हणजे आरसा होता, मैदानी प्रदेशातील पुरुष हौसेने गळ्यात घालत तसा व्यापारातून आलेला छोटा आरसा. काळपट आकार छायाचित्रकाराचा असावा असे मला वाटते, पण ती माझी हौस समजावी. पदक नसल्यामुळे ‘प्रमुख’ या पदवीचा आधार गेला, आणि प्रमुख नसल्यामुळे बंडाशी जोडलेला धागाही तुटला.

गळ्यातील गडद रुमालाला अहवालाने ‘बहुधा शोकचिन्ह’ म्हटले आहे. त्या काळातील काचेच्या पट्ट्यांना निळा प्रकाश लवकर भिडे आणि लाल जवळजवळ दिसतच नसे. परिणामी लाल रंग काळा उमटतो आणि आकाशी मणी पांढरे दिसतात. क्री मणीकामातील निळ्या रंगाची नजाकत जुन्या चित्रांत हरवते ती यामुळेच. रुमाल लाल असण्याची शक्यता काळा असण्यापेक्षा अधिक आहे. रसायनाचे गुणधर्म ठाऊक असलेल्या माणसांनी हे लिहावे, याचे मला नवल वाटले.

माझ्यापुरते मी पुढे एवढे केले. एका सार्वजनिक अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर मेडिसिन हॅट येथील स्टुडिओ-चित्रे एकामागून एक पाहत गेले आणि तिसऱ्या संध्याकाळी तोच कठडा, तीच झाडी आणि पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातील तीच चिरफाळलेली शिवण एका कुटुंबाच्या चित्रामागे सापडली. त्यावर शाईने १८९९ असे लिहिलेले होते. मग हेंडरसनच्या जुन्या व्यापारी निर्देशिका, ज्या अल्बर्टा विद्यापीठाच्या ‘पील्स प्रेअरी प्रॉव्हिन्सेस’ या संग्रहात फुकट वाचता येतात, उघडून त्या गावात त्या सुमारास कोण छायाचित्रकार होते ते पाहिले. पडदे विकले जातात आणि एका स्टुडिओतून दुसऱ्यात जातात, हे मान्य करूनही १८९५ ते १९०५ हा काळ मी निःशंकपणे लिहीन. माणूस क्री असावा असे म्हणेन, ‘आहे’ असे म्हणणार नाही. मेडिसिन हॅटच्या परिसरात क्री, मेती, असिनिबोइन आणि ब्लॅकफूट अशा सर्वांचा राबता होता, ब्लँकेट आणि मणी सर्वांकडे होते, काही स्टुडिओंत पोशाख ठेवलेले असत, आणि मागची पेन्सिल कुणाची हे कळायला मार्ग नाही.

दुसरे छायाचित्र पोस्टकार्ड आहे. कापडी तंबू, गवतावर बसलेल्या पाच-सहा स्त्रिया, दोन मुले, आणि मागे टेबलाशी उभी रांग. चौथ्या व सहाव्या करारानुसार माणशी वर्षाला पाच डॉलर वाटले जातात, त्या वाटपाच्या दिवसाचे हे दृश्य असावे. तिकीट लावायच्या चौकोनाच्या चारही कोपऱ्यांत टोक वर असलेले त्रिकोण आहेत. ‘अ‍ॅझो’ कागदाची ही खूण साधारण १९०४ ते १९१८ या काळातली मानली जाते, आणि सेवेने तेच लिहिले. उत्तर बरोबर आहे, पण तेवढे उत्तर छापील तक्त्यातूनही मिळते. चित्राच्या डाव्या कडेला अर्धवट कापले गेलेले मोटारीचे चाक आहे, जे त्या पट्ट्याच्या उत्तरार्धाकडे बोट दाखवते. ते त्यांच्या नजरेतून सुटले.

खरा घोटाळा मागच्या बाजूचा. तिथे पेन्सिलीने दीड ओळ लिहिलेली आहे: त्रिकोण, हुकासारखे आकार, कोन, मध्येच ठिपके. अहवाल म्हणतो, ‘अनोळखी चिन्हे, कदाचित लहान मुलाची रेघोटी.’ ही क्री अक्षरमाला आहे. १८४० साली नॉर्वे हाउस येथे जेम्स एव्हान्स या धर्मप्रचारकाने ती छपाईत आणली. क्री परंपरेत मात्र ती कॉलिंग बॅजर या पुरुषाला मिळालेली देणगी मानली जाते. आपल्याकडे ‘क’ला काना-मात्रा लावून बाराखडी होते. तिथे मात्रा नाही, अक्षरच फिरते. एकच आकार वर, खाली, डावीकडे, उजवीकडे वळवला की स्वर बदलतो. एव्हान्सपुढे लघुलिपीबरोबर देवनागरीचाही नमुना असावा असे काही अभ्यासक मानतात, आणि दोन्ही लिप्या शेजारी ठेवून पाहिल्या की हे म्हणणे पटण्यासारखे आहे. ज्या सेवेचे काम क्री छायाचित्रांवर चालते तिने क्री लिपीला रेघोटी म्हणावे, ही चूक मला १८८५ च्या चुकीपेक्षा अधिक टोचली.

ती दीड ओळ मी क्री शिकवणाऱ्या एका बाईंना दाखवली. त्यांनी कार्ड हातात घेतले, किंचित तिरपे धरले आणि वाचले. पहिला शब्द ‘नोहकोम’ होता, म्हणजे ‘माझी आजी’. पुढे एक नाव होते, जे मी येथे देणार नाही. बाई थोडा वेळ कार्डाकडेच पाहत राहिल्या आणि मग म्हणाल्या, “हे आडनाव आमच्या शेजारच्या राखीव वस्तीत अजून आहे.” कार्डाची डिजिटल प्रत आता त्या वस्तीकडे आहे.

ओटावा येथील राष्ट्रीय ग्रंथालय व अभिलेखागार ‘प्रोजेक्ट नेमिंग’ नावाचा जो उपक्रम चालवते, त्याचा हेतूही हाच आहे. २००१-०२ च्या सुमारास इनुइट छायाचित्रांपासून सुरू झालेला हा उपक्रम २०१५ पासून फर्स्ट नेशन्स (म्हणजे क्रींसारखे, इनुइट व मेती सोडून इतर आदिवासी समूह) व मेती यांच्या चित्रांपर्यंत वाढवण्यात आला. ज्यांच्या चित्रांखाली पूर्वी नुसते ‘इंडियन स्त्री’ असे लिहिलेले असे, त्यांची नावे त्यांच्याच समाजातील माणसांकडून मिळवली जातात. नाव मिळाले की काळही पुष्कळदा आपोआप मिळतो, कारण जन्म, विवाह आणि करारवाटपाच्या याद्या नावानेच उघडतात.

ज्यांना अशा सेवेवर पैसे खर्च करण्याआधी स्वतः शोधायचे आहे, त्यांनी जेराल्डिन मूडी हिचे काम अवश्य पाहावे. पोलीस अधिकाऱ्याची ही पत्नी १८९० च्या दशकात बॅटलफर्ड येथे स्वतःचा स्टुडिओ चालवत होती, आणि १८९५ साली तिने तेथील क्री लोकांच्या सूर्यनृत्याची छायाचित्रे घेतली. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती करून त्या विधीतील महत्त्वाच्या भागांवर बंदी घालण्यात आली होती, त्यामुळे या चित्रांचे मोल वेगळेच आहे. तिने आपल्या चित्रांचे स्वामित्व नोंदवले. नोंदणीच्या प्रती लंडनला गेल्या, आणि ब्रिटिश ग्रंथालयाने ‘पिक्चरिंग कॅनडा’ या नावाने तो संग्रह सर्वांसाठी खुला केला आहे. नोंदणीची तारीख म्हणजे चित्राच्या काळाची वरची खुंटी, तीही सरकारी शिक्क्याची. आपले चित्र अशा एखाद्या नोंदलेल्या चित्राशी जुळले तर २६० डॉलर वाचतात. कॅलगरीच्या ग्लेनबो संग्रहाची चित्रे आता कॅलगरी विद्यापीठाकडे आहेत, आणि हडसन बे कंपनीचे दप्तर विनिपेगला आहे. शोधताना एक अडचण येते. जुन्या नोंदींत आज अपमानास्पद वाटणारे शब्दच शीर्षकात राहिलेले असतात, आणि ते टाळून शोध घेतला तर अर्धा संग्रह दिसत नाही.

सेवेला मी सविस्तर पत्र लिहिले. नऊ दिवसांनी सौजन्यपूर्ण उत्तर आले. पहिल्या चित्राचा काळ त्यांनी ‘१८९५ ते १९०५’ असा बदलला, ‘प्रमुख’ आणि ‘बंड’ हे दोन्ही शब्द काढले, पोस्टकार्डाच्या नोंदीत ‘क्री अक्षरमालेतील मजकूर’ असे घातले आणि सुधारित अहवाल पाठवला. पैसे परत करण्यास मात्र नकार दिला, आणि तिसऱ्या चित्राचे काम लक्षात घेता मीही त्यावर ताणले नाही. अडचण एवढीच, की बहुतेक ग्राहक पत्र लिहीत नाहीत. त्यांच्या हाती पहिलाच अहवाल राहतो, आणि वस्तू विकताना तो वस्तूबरोबर पुढे जातो.

त्यांच्याकडे ‘केवळ तांत्रिक तपासणी’ असा ६५ डॉलरचा एक पर्याय आहे, ज्यात कागद, पुठ्ठा आणि प्रक्रिया एवढेच पाहतात आणि कुणाचे चित्र आहे याविषयी मत देत नाहीत. माझ्याजवळ लोखंडी पत्र्यावरचे एक छोटे टिनटाइप आहे. त्यात एक मुलगी बंद मुठीत काहीतरी धरून उभी आहे. पुढच्या महिन्यात ते मी त्यांच्याकडे त्याच पर्यायाखाली पाठवणार आहे. मुठीत काय आहे, ते मात्र मी आधी त्या बाईंना विचारीन.